रक्षकाची आरती

आमच्या हिंगोली जिल्ह्यात गावच्या यात्रेला कबड्डीचे सामने होतात, तेव्हा बक्षिसांच्या यादीत संघांच्या बक्षिसांखाली बहुधा दोन वैयक्तिक बक्षिसे असतात. एक उत्कृष्ट चढाईचे, दुसरे उत्कृष्ट पकडीचे. कोणा दुकानदाराने किंवा माजी सरपंचाने ती वडिलांच्या स्मरणार्थ दिलेली असतात. सेनगाव तालुक्यातल्या एका गावी मी असा सामना पाहत होतो. सगळ्यांप्रमाणे माझीही नजर चढाई करणाऱ्या पोराच्या मागे धावत होती. शेजारी बसलेले एक वृद्ध गृहस्थ थोडा वेळ मला न्याहाळत राहिले आणि मग न राहवून म्हणाले, ‘गुरुजी, तेच्याकडं नका बघू. डाव्या कोपऱ्यावाल्याच्या पायाकडं बघा.’ मी पाहिले. कोपऱ्यावरचा मुलगा अर्धे पाऊल मागे सरकला होता. चढाई करणाऱ्याला वाटले, जागा मोकळी झाली. तो आत शिरला आणि त्याचा घोटा कोपऱ्याच्या दोन्ही हातांत सापडला. बाकीच्या मैदानाला पकड दिसली ती तेव्हा. माझ्या शेजाऱ्यांना ती अर्धे पाऊल मागे पडले तेव्हाच दिसली होती.

एखादा बचावपटू निवृत्त होतो आणि त्याच्या चाहत्यांच्या गौरवलेखनाला भरती येते, तेव्हा मला हे गृहस्थ हटकून आठवतात. त्या लेखनात पायाकडे पाहिल्याची खूण क्वचितच सापडते. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती किरकोळ नाही, असे मला वाटते. रक्षकाला निरोप देताना आपण त्याच्या कलेबद्दल बोलत नाही, त्याच्या चारित्र्याची आरती करतो. आणि ही आरती त्याच्यावरच्या प्रेमातून जितकी येते, तितकीच त्याला आयुष्यभर नीट न पाहिल्याच्या अपराधी भावनेतून येते.

कबड्डीवरून क्रिकेटकडे वळायचे कारण असे की, रक्षकाला निरोप देण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा सार्वजनिक प्रसंग क्रिकेटमध्ये घडला. ९ मार्च २०१२ रोजी राहुल द्रविडने बंगळुरूला पत्रकार परिषद घेऊन निवृत्ती जाहीर केली. निरोपाचा सामना नव्हता, मैदानाची फेरी नव्हती. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, सचिन तेंडुलकरचा दोनशेवा आणि अखेरचा कसोटी सामना वानखेडेवर झाला, तो सोहळा अजून सर्वांच्या स्मरणात आहे. या दोन निरोपांची तुलना करून हळहळणारे लेख तेव्हाही आले आणि आजही येतात. मला त्या हळहळीत रस नाही. सोहळा न होणे ही निवृत्त होणाऱ्याचीही निवड असू शकते. मला रस आहे तो त्या दिवशी आणि त्यानंतर चाहत्यांनी जे लिहिले त्यात. इंदूरला जन्मलेला, बंगळुरूत वाढलेला, घरी मराठी बोलणारा हा खेळाडू असल्यामुळे मराठीत तर त्याच्याविषयी आपलेपणाने आणि उदंड लिहिले गेले.

त्या लेखनातली विशेषणे आपल्याला पाठ आहेत. भिंत. सभ्य. निःस्वार्थ. संघासाठी झिजणारा. प्रसिद्धीच्या झोतापासून दूर राहिलेला. दुसऱ्यांच्या सावलीत उभा राहूनही कुरकुर न करणारा. यातले जवळजवळ प्रत्येक विशेषण एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाच्या सेवापूर्ती समारंभातही तसेच्या तसे वापरता येईल. शाल आणि श्रीफळ यांच्यासोबत ते शोभेलही. जे विशेषण कोणालाही चालते, ते त्या माणसाविषयी काहीच सांगत नाही, ही समीक्षेतली प्राथमिक गोष्ट. कवीच्या गौरवांकात त्याच्या साधेपणावर वीस लेख आणि त्याच्या कवितेतल्या एकाही ओळीवर धड चर्चा नाही, हा अनुभव या पानांच्या वाचकांना नवा नाही. क्रीडाप्रेमींनी गौरवांकाची ही रीत आपल्याकडून उचलली, की आपण त्यांच्याकडून, एवढाच प्रश्न उरतो.

त्यातल्या त्यात ‘भिंत’ ही उपमा मला सर्वांत खटकते. भिंत हलत नाही. भिंतीला निर्णय घ्यावा लागत नाही. तिच्यावर चेंडू आदळतो आणि परत येतो, यात तिचे कर्तृत्व कोणते? द्रविडचा बचाव याच्या अगदी उलट होता. वेगवान गोलंदाजाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात टप्पा कुठे पडणार, चेंडू आत येणार की बाहेर जाणार, पाय पुढे टाकायचा की मागे, बॅट लावायची की काढून घ्यायची, हे सगळे ठरते. लावायची ठरली तर हात इतके सैल ठेवायचे की कड लागली तरी चेंडू स्लिपच्या अलीकडेच जमिनीवर मरावा. सोडायचा ठरला तर ऑफस्टंप आपल्या मागे नेमका कुठे आहे याचे भान, मागे न पाहता, असायला हवे. ही प्रत्येक चेंडूला नव्याने करावी लागणारी हालचाल आहे. कसोटी कारकिर्दीत द्रविडने ३१,२५८ चेंडू खेळले. कसोटीच्या इतिहासात इतके चेंडू दुसऱ्या कोणी खेळलेले नाहीत. तो ४४,१५२ मिनिटे, म्हणजे सुमारे ७३५ तास, खेळपट्टीवर उभा होता. एवढ्या वेळा अचूक निर्णय घेणाऱ्या माणसाला आपण भिंत म्हटले आणि वर तो त्याचा गौरव मानला.

याचे एक कारण खेळाच्या वहीत आहे. कबड्डीत पकड झाली की गुणफलकावर गुण चढतो, चढाई करणारा बाद होऊन बाहेर जातो आणि पकडीला स्वतःचे नाव असते. घोट्याची पकड, मांडीची, कमरेची, दोघांनी हातात हात गुंफून केलेली साखळी. मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असताना पकड केली तर प्रो कबड्डीत एक गुण जास्तीचा मिळतो. तिला ‘अव्वल पकड’ असे छान मराठी नावही रुळले आहे. म्हणूनच त्या खेळाच्या बाजाराला रक्षकाची किंमत कळते. २०१८ च्या लिलावात प्रो कबड्डीतली एक कोटी रुपयांची पहिली बोली लागली ती चढाई करणाऱ्यावर नव्हे, तर फझल अत्राचली या इराणी डाव्या कोपऱ्यावर. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला हरवले आणि पुढे सुवर्णपदक जिंकले. १९९० पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेत पुरुषांचे सुवर्ण आपल्याकडे होते, ते तेव्हा पहिल्यांदा गेले.

क्रिकेटच्या वहीत मात्र यशस्वी बचाव म्हणजे एक टिंब. धाव नाही, बळी नाही, काही घडले नाही. गोलंदाजाने संपूर्ण स्पेल रचून टाकलेला सर्वोत्तम चेंडू फलंदाजाने निष्प्रभ केला, तरी टिंब. आणि आळसावलेला चेंडू तितक्याच आळसाने ढकलला, तरी तेच टिंब. ज्या कामाला वहीत स्वतंत्र खूण नाही, ते काम पाहायला शिकवणारा कोणीतरी लागतो. ते काम चाहत्याचे होते, समालोचकाचे होते, आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांचे होते. आपण ते टाळले आणि टिंबांच्या जागी चारित्र्य भरले. जानेवारी २००८ मध्ये सिडनीला द्रविड १८ धावांवर तब्बल ४० चेंडू अडकून राहिला आणि अखेर एक धाव निघाली, तेव्हा मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला आणि त्यानेही हसून बॅट उंचावली. प्रसंग मोठा लोभस आहे. पण त्या टाळ्या टिंबे संपली म्हणून पडल्या, हे विसरून चालणार नाही.

आता मराठवाड्यातल्या वाचकांना मी एक अवघड प्रश्न विचारतो. ऑगस्ट २००२ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारताने इंग्लंडला एक डाव आणि ४६ धावांनी हरवले. परदेशातल्या आपल्या सर्वोत्तम विजयांत तो गणला जातो. त्या डावात कोणी किती धावा केल्या? सचिनच्या १९३, द्रविडच्या १४८, सौरव गांगुलीच्या १२८ धावा बहुतेकांना आठवतील. पण मालिकेत पिछाडीवर असताना, ढगाळ हवेत, चेंडू हलत असताना नाणेफेक जिंकून प्रथम फलंदाजी घेण्याचे धाडस ज्याच्या जोरावर निभले, तो सलामीवीर बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर होता. त्याने २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या. सेहवाग लवकर गेल्यावर द्रविडसोबत त्याने १७० धावांची भागी केली. चेंडू जुना झाला, गोलंदाज दमले, आणि पुढच्या शतकांची वाट मोकळी झाली. बांगर एकूण १२ कसोटी सामने खेळला. नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध त्याचे एक नाबाद शतकही आहे. २०१३ मध्ये त्याने निवृत्ती घेतली तेव्हा आपल्या मराठवाड्यात किती जणांनी चार ओळी लिहिल्या? मीही लिहिल्या नाहीत. द्रविडच्या निःस्वार्थीपणावर मात्र मी एक लेख लिहिला होता. तो आज माझ्याच्याने वाचवत नाही, कारण त्यात ‘यज्ञ’ हा शब्द तीनदा आला आहे आणि ‘ऑफस्टंप’ एकदाही नाही.

हे बऱ्याच वर्षांपूर्वीचे झाले, असे कोणी म्हणेल. तर अलीकडचे पाहू. २४ ऑगस्ट २०२५ रोजी चेतेश्वर पुजाराने निवृत्ती जाहीर केली. तोही निरोपाच्या सामन्याविना गेला. १०३ कसोटी, ७,१९५ धावा, १९ शतके. चाहत्यांनी पुन्हा लिहिले, आणि या वेळी आरतीला चित्रही मिळाले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला अखेरच्या दिवशी त्याने २११ चेंडूंत ५६ धावा करताना अंगावर अकरा वेळा चेंडू झेलले, ते चित्र. बरगड्या, खांदा, बोटे, शिरस्त्राण. योद्धा, ढाल, हुतात्मा अशा शब्दांची रेलचेल झाली.

त्या डावाचे मोल मला कमी करायचे नाही. पण त्याच मालिकेत, दहाच दिवसांपूर्वी, सिडनीच्या पहिल्या डावात त्याने १७६ चेंडूंत ५० धावा केल्या, तेव्हा तो संघाला मागे खेचतो म्हणून ओरडणाऱ्यांत समीक्षकांसोबत चाहतेही होते. तंत्र तेच, संयम तोच. फरक एवढाच की ब्रिस्बेनला रक्षकाच्या अंगावर वळ उठले. म्हणजे रक्षक जखमी झाल्याखेरीज आपल्याला दिसत नाही. आणि अंगावर चेंडू बसणे हे बचावाचे लक्षण असले, तर मग २०१८-१९ च्या मालिकेचे काय करायचे? तिथे त्याने चार सामन्यांत १,२५८ चेंडू खेळून ५२१ धावा आणि तीन शतके केली आणि भारताने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. ती मालिका जिंकली गेली ती त्याच्या सोसण्यामुळे नव्हे. कोणता चेंडू खेळायचा नाही, हे त्याला प्रतिस्पर्धी गोलंदाजांपेक्षा अधिक कळत होते, म्हणून.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. चारित्र्याचा गौरव खोटा आहे का? द्रविड खरोखरच संघाच्या गरजेपोटी एकदिवसीय सामन्यांत यष्टिरक्षण करत राहिला. २००३ च्या विश्वचषकातही त्याने ते केले. २०१७ मध्ये बंगलोर विद्यापीठाने देऊ केलेली मानद डॉक्टरेट त्याने नाकारली. मग चाहत्याने माणूस म्हणून त्याच्यावर प्रेम केले तर बिघडले कुठे?

प्रेम करण्यात काहीच बिघडले नाही. बिघडते ते प्रेमाने कौशल्याची जागा घेतल्यावर. यष्टिरक्षण हा त्याग होता, हे मी मान्य करतो. ते त्याचे काम नव्हते आणि त्याने ते पत्करले. पण तिसऱ्या क्रमांकावरची फलंदाजी हा त्याग नव्हता. ती त्याची महत्त्वाकांक्षा होती. १३,२८८ धावा आणि ३६ शतके कोणी संन्यस्त वृत्तीने करत नाही. ॲडलेडला २००३ मध्ये २३३ आणि नाबाद ७२ धावा करणाऱ्याला सामना जिंकायचा होता. रावळपिंडीला २००४ मध्ये बारा तासांहून अधिक वेळ खेळून २७० धावा करणारा माणूस झिजत नव्हता, तो समोरच्याला झिजवत होता. आणि फटके मारता येत नव्हते म्हणून तो बचाव करत होता, असेही नाही. हैदराबादला २००३ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात त्याने २२ चेंडूंत अर्धशतक केले. बचाव ही त्याची मर्यादा नव्हती, त्याची निवड होती. त्या निवडीमागची बुद्धी आणि ईर्षा पुसून टाकून आपण तिथे नम्रता रंगवतो. हा त्याच्यावर केलेला अन्यायच आहे, मग आपला हेतू कितीही चांगला असो.

शिवाय या आरतीचा तोटा निवृत्त होणाऱ्यापेक्षा नव्याने खेळू लागणाऱ्यांना अधिक होतो. प्रतिभा आक्रमकाकडे असते आणि रक्षकाकडे फक्त गुण असतात, अशी वाटणी एकदा मनात ठसली, की कोणता हुशार पोरगा कोपऱ्यावर उभा राहायला तयार होईल? आणि जो उभा राहील, त्याला आपण काय शिकवणार? सोसायला, की पाहायला?

हा प्रश्न आमच्या भागाला विशेष झोंबायला हवा. मराठवाड्यातल्या माणसाचे कौतुक करायचे झाले की बाहेरचे लोक आणि आपले पुढारीही ‘सोशिक’, ‘कष्टाळू’, ‘काटक’ असेच म्हणतात. ‘जाणकार’ किंवा ‘तरबेज’ म्हणताना मी फार थोड्यांना ऐकले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हाही शेतकऱ्याच्या घामाबद्दल पुष्कळ बोलले गेले. घाम तर आहेच. पण हळद काढल्यावर ती शिजवावी लागते, आणि नेमकी किती शिजली की विस्तव ओढायचा, हे कळणे घामाने साधत नाही. कमी शिजली तर वाळायला वेळ लागतो, जास्त शिजली तर रंग जातो. कंदात काडी टोचून आणि वासावरून ओळखणारी माणसे आमच्याकडे आहेत. त्यांच्या सोसण्याची स्तुती करून त्यांचे ज्ञान नजरेआड करणे, हाही त्याच आरतीचा एक प्रकार आहे. स्तुतीला पैसे पडत नाहीत. ज्ञान मान्य केले की त्याची किंमत द्यावी लागते.

मग चाहत्याने निरोप द्यावा तरी कसा? माझी अपेक्षा फार मोठी नाही. त्याने एक डाव निवडावा. त्या डावातले एक षटक निवडावे. त्या षटकातल्या सहा टिंबांत काय काय घडले, ते सांगावे. कोणता चेंडू सोडला आणि तो सोडणे का कठीण होते. कोणत्या चेंडूवर हात शेवटच्या क्षणी सैल पडले. गोलंदाजाने पुढच्या षटकात टप्पा का बदलला. यासाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही, फक्त पाहिलेले असले पाहिजे. मानद डॉक्टरेट नाकारताना द्रविडने सांगितले होते की, क्रीडाक्षेत्रात संशोधन करूनच ती पदवी मिळवण्याचा आपण प्रयत्न करू. आपण त्याही उत्तराची नम्रतेच्या खात्यात नोंद करून मोकळे झालो. मला त्यात एक कारागीर दिसतो, आपल्या विषयाचा अभ्यास करावा लागतो असे मानणारा. त्याच्या चाहत्यांनी निदान तेवढा अभ्यास त्याच्या फलंदाजीचा करायला काय हरकत होती?

सेनगाव तालुक्यातल्या त्या सामन्याचा शेवट सांगायचा राहिला. उत्कृष्ट पकडीचे बक्षीस त्या डाव्या कोपऱ्यालाच मिळाले. ध्वनिक्षेपकावरून निवेदकाने त्याच्या घरच्या गरिबीचा, आईच्या कष्टांचा आणि त्याच्या शांत स्वभावाचा ऊर भरून उल्लेख केला. टाळ्या झाल्या. माझे शेजारी टाळ्या वाजवायला थांबले नाहीत. गर्दीतून वाट काढत ते त्या मुलापर्यंत गेले, त्याचा उजवा पाय धरून मातीत थोडा मागे सरकवला, आणि टाच अजून किती उचलायला हवी ते त्याला दाखवू लागले.